थंडी साठवून ठेवता येते का? : बर्फ, लस आणि गेलेली लाईट



पदार्थाच्या तीन अवस्था हा पाठ आपण सगळेच शिकवतो. स्थायू, द्रव, वायू. बर्फ, पाणी, वाफ. फळ्यावर तीन चौकोन काढायचे, मध्ये बाण दाखवायचे, एका बाणावर ‘उष्णता दिली’ आणि दुसऱ्यावर ‘उष्णता काढून घेतली’ असं लिहायचं की पाठ संपला. मुलांना तो लवकर समजतो, पेपरातही बरोबर लिहितात. पण बर्फाकडून पाण्याकडे जाणारा जो बाण आहे ना, त्यावर आपण क्वचितच थांबतो. त्या बाणावर गावातल्या लेकरांच्या लसी, डेअरीचं दूध आणि आजीच्या इन्सुलिनची बाटली अवलंबून आहे. हा लेख त्या एका बाणाबद्दल आहे.

मी जालना जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद प्राथमिक शाळेत शिकवते. चौथी-पाचवीचा वर्ग माझ्याकडे आहे. इथे दिलेले प्रयोग वर्गात करून पाहिलेले आहेत, त्यामुळे साहित्य कमी आणि घरगुतीच आहे.

प्रश्न कुठून आला

मागच्या पावसाळ्यात आमच्या गावातली डीपी जळाली. दोन दिवस गाव अंधारात. नेमका तिसऱ्या दिवशी अंगणवाडीत लसीकरण होतं. अंगणवाडी आमच्या शाळेच्या आवारातच आहे. माझ्या वर्गातल्या एका मुलीची आई तीन-साडेतीन महिन्यांचं बाळ घेऊन आधी माझ्याकडे आली. म्हणाली, “मॅडम, दोन दिवस झाले लाईट नाही. ह्या लसी तर फ्रीजमधल्या असतात म्हणतात. खराब झाल्या असतील तर? लेकराला देऊ का नको?”

हा प्रश्न अडाणीपणाचा नाही. फ्रीज बंद पडला की दूध नासतं हे तिनं पाहिलेलं होतं, त्यावरून तिनं बरोबर अंदाज बांधला होता. अशा प्रश्नाला ‘काही होत नाही, दे’ असं उत्तर दिलं की माणूस गप्प बसतो, पण शंका तशीच राहते. आणि शंका राहिली की पुढच्या डोसला बाळ येत नाही. ऊसतोडीला जाणाऱ्या घरांत तर एक डोस हुकला की थेट पुढच्या हंगामावर जातो.

आम्ही दोघी सिस्टरांकडे गेलो. त्यांनी निळा डबा उघडून दाखवला. आत चारी बाजूंना चार आइसपॅक, मधल्या जागेत लसीच्या बाटल्या. सिस्टर म्हणाल्या, “ताई, ही लस गावात मुक्कामाला नसते. सकाळी आरोग्य केंद्रातून येते, संध्याकाळी परत जाते. तुमच्या डीपीचा अन् हिचा काही संबंध नाही.”

आई तेवढ्यावर थांबली नाही. “आणि केंद्रातली लाईट गेली तर?”

“तिथल्या मशीनच्या भिंतीतच बर्फ असतो. लाईट गेली तरी तो थंड ठेवतो.”

मग सिस्टरांनी बाटलीवरची खूण दाखवली. एका रंगीत गोलात छोटा चौकोन असतो. चौकोन गोलापेक्षा फिकट असेल तर लस उष्णतेनं खराब झालेली नाही. चौकोन गोलाइतका किंवा त्याहून गडद झाला तर ती बाटली वापरायची नाही. ही खूण वाचायला अक्षरओळख लागत नाही. आईनं स्वतः पाहिलं, बाळाला लस दिली आणि घरी गेली.

दुसऱ्या दिवशी तिच्या मुलीनं वर्गात विचारलं, “मॅडम, भिंतीत बर्फ म्हणजे काय? आणि लाईट नसली तर तो बर्फ वितळत नाही का?”

वितळतो. वितळतो म्हणूनच तर काम होतं. पण हे सांगून पटत नाही, करून दाखवावं लागतं.

पारा झोपतो

रसवंतीवाल्याकडून बर्फ आणला. विज्ञान पेटीतला प्रयोगशाळेचा तापमापक घेतला (तापाचा तापमापक इथे चालत नाही, तो शून्यापर्यंत जातच नाही). दोन सारखे स्टीलचे पेले घेतले. एका पेल्यात साधारण २०० ग्रॅम कुटलेला बर्फ आणि तो भिजेल एवढं पाणी. दुसऱ्यात तेवढ्याच वजनाचं गार पाणी, बर्फात ठेवून गार केलेलं, पण बर्फाचा खडा एकही नाही. दोन्ही पेले खिडकीशी ठेवले. दोन गट केले. दर पाच मिनिटांनी ढवळायचं, तापमान बघायचं आणि फरशीवर खडूनं आखलेल्या लेखाचित्रावर ठिपका द्यायचा.

गार पाण्याचे ठिपके लगेच वर चढू लागले. अर्ध्या तासात ते पंधरा अंशांच्या पुढे गेले. बर्फाच्या पेल्याचे ठिपके मात्र एका ओळीत, शून्याजवळ. पाच मिनिटं, दहा मिनिटं, अर्धा तास, पाऊण तास, तिथंच. एक मुलगा म्हणाला, “मॅडम, पारा झोपला.” आम्ही तेच नाव ठेवलं. फरशीवरची ती आडवी रेघ म्हणजे ‘झोपलेला पारा’.

मधली सुट्टी होऊन गेली तरी पारा झोपलेलाच. दीड तासानं शेवटचा खडा विरघळला आणि मग मात्र तो पेलाही पहिल्यासारखा भराभर तापू लागला.

दोन्ही पेले एकाच खिडकीशी होते, दोघांना तीच गरम हवा लागत होती. मग मी विचारलं, “बर्फाच्या पेल्यात दीड तास जी उष्णता शिरली ती गेली कुठं?”

हा प्रश्न एकेकाळी मोठमोठ्या लोकांनाही पडला नव्हता. शून्य अंशावरच्या बर्फाला थोडीशी उष्णता मिळाली की त्याचं लगेच पाणी होत असणार, असंच सगळे धरून चालले होते. १७६०च्या दशकाच्या सुरुवातीला स्कॉटलंडमध्ये ग्लासगो विद्यापीठात शिकवणाऱ्या जोसेफ ब्लॅक यांनी यावर बोट ठेवलं. तसं असतं तर थंडी सरताच डोंगरावरचं सगळं बर्फ एकदम वितळून महापूर आले असते, असं त्यांचं म्हणणं. बर्फ तर हळूहळू, आठवडेच्या आठवडे वितळतो. म्हणजे वितळण्यासाठी तो भरपूर उष्णता आत घेतो, आणि ती तापमापकावर दिसत नाही. या लपलेल्या उष्णतेला आपल्या दहावीच्या पुस्तकात ‘अप्रकट उष्मा’ म्हटलं आहे. ब्लॅक यांनी हे विद्यार्थ्यांना व्याख्यानांतून शिकवलं. त्यांची व्याख्यानं पुस्तकरूपात आली ती त्यांच्या निधनानंतर, १८०३ मध्ये.

चिंचोक्यांचा हिशोब

‘अप्रकट उष्मा’ हा शब्द पाचवीला जड आहे. पण चिंचोके जड नाहीत.

एक चिंचोका म्हणजे एक कॅलरी असं ठरवलं. एक ग्रॅम पाणी एक अंशानं तापवायचं तर एक चिंचोका द्यायचा. एक ग्रॅम बर्फाचं शून्य अंशालाच पाणी करायचं तर किती? मुलांनी पाच, दहा असे अंदाज सांगितले. उत्तर आहे ८०.

मग खेळ खेळलो. आठ मुलं गोलात, हातात हात घट्ट धरून उभी. हा बर्फ. बाकीची मुलं उष्णता, ती चिंचोके आणून देतात. दहा चिंचोके मिळाले की एक हात सुटतो. ऐंशी चिंचोके संपेपर्यंत कुणी जागचं पळायचं नाही, फक्त हात सुटत जातात. आठही हात सुटले की झालं पाणी. त्यानंतर मिळणाऱ्या प्रत्येक चिंचोक्याला मात्र सगळ्यांनी थोडं जास्त जोरात पळायचं, म्हणजे तापमान वाढलं. मुलांना यातून कळलं की आधीची उष्णता हात सोडवण्यात खर्च झाली, म्हणून पळापळ दिसली नाही. पारा का झोपला याचं उत्तर त्यांनीच दिलं.

आता सिस्टरांच्या डब्याचा हिशोब. चार आइसपॅक, प्रत्येकात ०.४ लिटर पाणी. म्हणजे एकूण १६०० ग्रॅम. लस सांभाळायची ती २ ते ८ अंशांच्या मध्ये.

हे पॅक नुसत्या शून्य अंशाच्या पाण्याचे असते तर ८ अंशांपर्यंत तापताना त्यांनी १६०० × ८ = १२,८०० चिंचोके घेतले असते.

तेच पॅक बर्फाचे असतील तर फक्त वितळतानाच ते १६०० × ८० = १,२८,००० चिंचोके घेतात.

बरोबर दहा पट. तेवढंच वजन, तेवढाच डबा, पण दहा पट राखण. सिस्टर उन्हातून दोन वस्त्या करून संध्याकाळी केंद्रात परत जाऊ शकतात, त्यात या दहा पटीचा मोठा वाटा आहे. हा गुणाकार मुलांनी पाटीवर केला आणि मला वाटतं, १,२८,००० ही संख्या त्या दिवशी त्यांनी कधी नव्हे इतक्या मनापासून वाचली.

एक गोष्ट इथं स्पष्ट करायला हवी. थंडी ही काही वस्तू नाही, उष्णता कमी असणं म्हणजे थंडी. त्यामुळे ‘थंडी साठवली’ म्हणजे ‘पुढे येणारी उष्णता पिऊन घेण्याची ताकद तयार ठेवली’. बोलताना मात्र थंडी साठवली म्हणायला हरकत नाही.

भिंतीतला बर्फ

प्राथमिक आरोग्य केंद्रात लसीसाठी जे यंत्र असतं त्याला आयएलआर म्हणतात, आइस लाइन्ड रेफ्रिजरेटर. बाहेरून ते आडव्या पेटीसारखं दिसतं आणि झाकण वर असतं. घरच्या फ्रीजचं दार उघडलं की गार हवा जड असल्यामुळे खाली सांडते. पेटीचं झाकण वर असल्यानं ती आतच बसून राहते. आणि पेटीच्या आतल्या भिंतींना लागून पाण्याच्या नळ्या किंवा पॅक असतात. लाईट असते तेव्हा यंत्र ते पाणी गोठवतं. लाईट गेली की तो बर्फ सावकाश वितळत आतली उष्णता पीत राहतो.

याचा फायदा केवढा? चोवीस तासांत सलग आठ तास लाईट मिळाली तरी आयएलआर लस नीट सांभाळतो, अशी त्याची रचना आहे. आठ तास हा आकडा सांगितला तेव्हा वर्गात हशा पिकला, कारण शेतीपंपाला आठ तास लाईट हे प्रत्येक घरात पाठ आहे. “म्हणजे लसीलाबी मोटरीसारखीच लाईट!” एक जण म्हणाला.

त्याच्या बोलण्यात मोठी गोष्ट आहे. जे सतत मिळत नाही ते मिळेल तेव्हा भरून ठेवायचं, हे आपल्या जिल्ह्याला कुणी शिकवायला नको. नळाला रोज पाणी येईलच असं नाही, म्हणून टाकी, हौद, बॅरल. जालना शहरासाठी निजामकाळात बांधलेला घाणेवाडीचा तलाव आहे. कडवंचीच्या शेतकऱ्यांनी शेततळी केली आणि दुष्काळी भागात द्राक्षं पिकवली. आयएलआरच्या भिंतीतला बर्फ हे थंडीचं शेततळंच आहे.

ही साखळी कामाची आहे हे २०२१ मध्ये सगळ्यांनी पाहिलं. कोविड लसीकरण सुरू होण्याआधी २ जानेवारी २०२१ रोजी देशभर रंगीत तालीम झाली. महाराष्ट्रात त्यासाठी पुणे, नागपूर, नंदुरबार आणि आपला जालना हे जिल्हे निवडले होते. नंतर आपल्याकडे मुख्यतः जी लस दिली गेली ती पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची कोविशिल्ड. तिलाही २ ते ८ अंशच लागायचे, म्हणून बाळांच्या लसींसाठी वर्षानुवर्षं चाललेले तेच आयएलआर, तेच डबे तिलाही चालले. परदेशातल्या काही लसींना उणे ७० अंशांच्या आसपासची थंडी लागत होती. त्या गावोगाव नेणं फार अवघड झालं असतं.

जास्त थंड म्हणजे जास्त चांगलं नाही

पालकांनी हा भाग नक्की वाचावा.

आपल्याला वाटतं, लस जितकी गार तितकी सुरक्षित. तसं नाही. पोलिओचे थेंब उष्णतेला फार नाजूक असतात हे खरं. पण पेंटाव्हॅलंट, कावीळ-ब, धनुर्वात-घटसर्प यांसारख्या लसी गोठल्या की खराब होतात. त्यांच्यात अॅल्युमिनियमच्या क्षाराचे बारीक कण असतात. लस गोठली की त्या कणांच्या गुठळ्या होतात आणि नंतर वितळवली तरी ती पहिल्यासारखी होत नाही. कावीळ-ब ची लस तर उणे अर्ध्या अंशालाच गोठते. आणि बाटलीवरची ती गोल-चौकोनाची खूण फक्त उष्णता सांगते, गोठल्याचं सांगत नाही.

आता अडचण बघा. आइसपॅक डीप फ्रीझरमध्ये गोठवतात, तिथं तापमान उणे १५ ते उणे २५ असतं. तो पॅक तसाच डब्यात ठेवला तर शेजारची लस गोठेल. मग सिस्टर काय करतात? पॅक बाहेर काढून टेबलावर ठेवतात. वरचं पांढरं दव विरघळून पाण्याचे थेंब येऊ देतात. मग पॅक कानाजवळ धरून हलवतात. आतून पाण्याची खळखळ ऐकू आली की पॅक तयार. याला त्या ‘कंडिशनिंग’ म्हणतात.

खळखळ का? आत बर्फ आणि पाणी दोन्ही आहेत, म्हणजे तापमान शून्यावर आलं आहे, त्याखाली नाही. आपल्या पेल्यातली झोपलेल्या पाऱ्याची अवस्था ती हीच. तापमापक न लावता, कानानं ओळखलेले शून्य अंश! सिस्टरांना आम्ही शाळेत बोलावलं तेव्हा त्यांनी एक पॅक मुलांच्या हातात दिला. प्रत्येकानं कानाला लावून हलवला. पस्तीस मुलांच्या हातून फिरून परत आला तेव्हा तो बराच वितळला होता, त्याचाही एक धडा झाला.

एवढी यंत्रं, एवढा हिशोब, तरी शेवटी सकाळी घाईच्या वेळी पॅक तयार होईपर्यंत थांबणारं माणूस लागतं. पोलिओ रविवारी आपल्या शाळेत बूथ लागतो तेव्हा आपण त्या डब्याकडे सहज बघून पुढे जातो. पल्स पोलिओ १९९५ मध्ये सुरू झालं, देशातला शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी सापडला आणि २७ मार्च २०१४ रोजी भारताला पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र मिळालं. त्या सगळ्या वर्षांत थेंब गावोगाव पोहोचले ते अशाच बर्फाच्या सोबतीनं.

ज्याचा त्याचा वितळबिंदू

वर्गातला पुढचा प्रश्न अपेक्षित होता. “मॅडम, शून्याला लस गोठते, तर पाच अंशाला वितळणारा बर्फ का नाही बनवत?”

पाण्याचा बर्फ पाच अंशाला वितळत नाही. पण बर्फ फक्त पाण्याचाच असतो का? मी खोबरेल तेलाची बाटली काढली. हिवाळ्यात सकाळी ती गोठलेली असते आणि आपण उन्हात ठेवतो, हे सगळ्यांना माहीत आहे. खोबरेल तेल साधारण २४ अंशांना वितळतं. तूप वेगळ्या तापमानाला, मेण आणखी वर. प्रत्येक पदार्थाचा वितळण्याचा ठरलेला आकडा किंवा टप्पा असतो, आणि प्रत्येक जण वितळताना उष्णता पितो.

उलट दिशेनं जायचं असेल तर जत्रेतली मटका कुल्फी आहे. मटक्यात बर्फासोबत खडेमीठ का टाकतात? वितळणारा नुसता बर्फ शून्याच्या खाली जात नाही, तेवढ्यानं गोड दूध गोठत नाही. मीठ मिसळलं की बर्फ शून्याच्या खालीच वितळू लागतो. प्रमाण नेमकं साधलं तर उणे २१ अंशांपर्यंत जाता येतं. कुल्फीवाला पुस्तक न वाचता वितळबिंदू बदलतो!

अभियंते हेच करतात. पॅराफिनच्या जातीचे पदार्थ, तेलातली आम्लं, पाणी धरून ठेवणारे क्षार, मिठाची द्रावणं, यांतून हव्या त्या तापमानाला वितळणारा पदार्थ निवडतात. आइस्क्रीमच्या गाडीसाठी शून्याच्या बऱ्याच खालचा, लसीच्या डब्यासाठी पाच अंशांच्या जवळचा. अशा पदार्थांना अवस्थाबदल पदार्थ म्हणतात. पाच अंशाला वितळणारा पॅक नीट तयार करून लसीशेजारी ठेवला तर तो तिला गोठवू शकत नाही. मुलाचा प्रश्न म्हणजे आज जगभर चाललेलं कामच होतं, हे त्याला सांगितलं तेव्हा तो लाजून खाली बसला.

पाण्याचा आणखी एक स्वभाव उपयोगी पडतो. पाणी सर्वांत जड असतं ते शून्याला नाही, तर ४ अंशाला. दहावीत ‘पाण्याचे असंगत आचरण’ आणि होपचे उपकरण म्हणून हे येतं आणि मुलं ते पाठ करतात. वेल्समधल्या इयान टान्सली यांनी यावर ‘शुअर चिल’ नावाचा फ्रीज तयार केला आणि गोदरेजनं ते तंत्र घेऊन आपल्याकडे लसींचे फ्रीज बनवले. त्यात लसीच्या कप्प्याभोवती पाणी असतं आणि वरच्या बाजूला बर्फ. बर्फाजवळचं पाणी ४ अंशाला आलं की सर्वांत जड होऊन खाली उतरतं आणि कप्प्याला वेढतं. त्याहून गरम झालेलं पाणी हलकं होऊन वर बर्फाकडे जातं, गार होऊन परत येतं. लाईट नसतानाही हे चालू राहतं. जो धडा पाच गुणांसाठी पाठ करतात, त्याचं असं यंत्र झालं आहे.

दुधाची गोष्ट

आमच्या शाळेतल्या बऱ्याच घरी म्हैस नाहीतर गाय आहे. दूध काढलं तेव्हा ते जनावराच्या अंगाइतकं गरम असतं. तशाच अवस्थेत ते दोन-चार तास राहिलं की त्यातले जंतू झपाट्यानं वाढतात. म्हणून संकलन केंद्रावर ते लवकरात लवकर ४ अंशांपर्यंत आणावं लागतं. दूध येण्याच्या वेळा सकाळ-संध्याकाळ ठरलेल्या. लाईट येण्याच्या वेळा काही आपल्या हातात नाहीत. मग डिझेलचं जनरेटर, त्याचा खर्च, आणि तो शेवटी दुधाच्या भावातून जातो.

सोरिन ग्रामा आणि सॅम व्हाइट यांनी २००७ मध्ये अमेरिकेत ‘प्रोमेथियन पॉवर सिस्टिम्स’ ही कंपनी काढली. आधी त्यांनी भारतातल्या खेड्यांसाठी सौरऊर्जेवर चालणारा दूध थंड करण्याचा फ्रीज करून पाहिला. तो महाग पडला. इथं येऊन, गवळ्यांशी आणि डेअरीवाल्यांशी बोलून त्यांच्या लक्षात आलं की खेड्यात लाईट येतच नाही असं नाही, ती अवेळी येते. म्हणून त्यांनी दिशा बदलली. लाईट येईल तेव्हा थंडी साठवायची आणि दूध येईल तेव्हा वापरायची. पुण्यातून काम करणाऱ्या या कंपनीच्या यंत्रात थंडीची ‘बॅटरी’ आहे. ती वीज साठवत नाही, गोठलेला पदार्थ साठवते.

मला या गोष्टीतला यंत्रापेक्षा त्यांचा प्रश्न बदलणं जास्त आवडतं. ‘खेड्यात वीज कशी आणायची’ याऐवजी ‘आहे त्या विजेत थंडी कशी टिकवायची’. मुलांना प्रकल्प देताना आपणही त्यांना असा प्रश्न बदलायला शिकवू शकतो.

पालकांसाठी घरच्या चार गोष्टी

१. घरी फ्रीज असेल तर फ्रीझरच्या मोकळ्या जागेत पाण्याच्या बाटल्या पाऊण भरून ठेवा (पूर्ण भरू नका, बर्फ होताना पाणी फुगतं). लाईट गेली की त्यातल्या दोन खालच्या कप्प्यात ठेवा. हाच आपला घरगुती आयएलआर.

२. लाईट गेल्यावर ‘अजून गार आहे का’ म्हणून फ्रीज सारखा उघडून बघू नका. प्रत्येक वेळी साठवलेली थंडी बाहेर सांडते.

३. घरात कुणाचं इन्सुलिन असेल तर न उघडलेली बाटली फ्रीजमध्ये ठेवा, फ्रीझरमध्ये कधीच नाही. बर्फाला चिकटूनही नको. गोठलेलं इन्सुलिन वितळवून वापरू नका. मे महिन्यात प्रवासात कसं न्यायचं हे आपल्या डॉक्टरांना विचारून घ्या.

४. बाळाच्या लसीबद्दल शंका आली तर डोस चुकवू नका, विचारा. बाटलीवरची खूण दाखवा म्हणून सांगा. आशाताई, सिस्टर आनंदानं दाखवतात. विचारणारी आई म्हणजे त्यांना त्रास नाही, मदत आहे.

वर्गात घेण्यासाठी

चौथी-पाचवीसाठी: पेल्यांचा प्रयोग, फरशीवरचं लेखाचित्र आणि चिंचोक्यांचा खेळ. दोन तासिका पुरतात, पण बर्फ पूर्ण वितळेपर्यंत निरीक्षण दिवसभर चालू ठेवा. एका पेल्याला गोणपाट गुंडाळून तिसरा पेला केला तर आणखी बरं, बर्फ किती वेळ जास्त टिकतो ते मुलं मोजतात.

सहावी ते आठवीसाठी: बर्फात मीठ घालून तापमान किती खाली जातं ते बघा. मीठ एकेक चमचा वाढवत नोंदी ठेवा. खोबरेल तेल गोठवून ते वितळताना दर दोन मिनिटांनी तापमान घ्या. बर्फासारखी सरळ आडवी रेघ येते का, की थोडी तिरपी, आणि का, यावर चर्चा करा.

सर्वांसाठी: आपल्या आरोग्य केंद्राला आधी विचारून भेट द्या. आयएलआर लांबूनच बघायचा, झाकण उघडायला लावायचं नाही. मुलांनी विचारायचे प्रश्न आधी लिहून न्या. आमच्या मुलांचा सर्वांत चांगला प्रश्न होता, “लाईट गेली हे तुम्हाला रात्री कसं कळतं?”

मूल्यमापनासाठी व्याख्या विचारू नका. एवढंच विचारा: दोन डबे आहेत, एकात शून्य अंशाचं पाणी, एकात शून्य अंशाचा बर्फ. दोन्हींचं तापमान सारखंच. मग सिस्टर बर्फाचाच डबा का नेतात? ज्या मुलाला याचं उत्तर आपल्या शब्दांत सांगता आलं, त्याला तीन अवस्थांचा पाठ समजला.

तुमच्या शाळेत हा प्रयोग केला तर मुलांनी विचारलेले प्रश्न जरूर लिहून ठेवा. आमच्याकडे एक प्रश्न अजून फळ्याच्या कोपऱ्यात तसाच आहे: उन्हाळ्यात दुपारी वर्गात खोबरेल तेल वितळलेलंच असतं, मग शाळेच्या पत्र्याखाली कोणता पदार्थ ठेवला तर वर्ग गार राहील? पुढच्या सत्रात पाचवीचा हाच प्रकल्प आहे.